वेल्ह्याचा कातळ आणि चंद्राची माती

२३ ऑगस्ट हा दिवस ‘राष्ट्रीय अंतराळ दिन’ म्हणून साजरा करण्याची प्रथा आता आपल्याकडे रूढ झाली आहे. २०२३ साली याच दिवशी सायंकाळी ‘चांद्रयान-३’चा ‘विक्रम’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीकच्या प्रदेशात अलगद उतरला आणि देशाला धन्यता वाटली. ती वाटणे योग्यच होते. २०१९ च्या सप्टेंबरात हाच प्रयत्न अखेरच्या क्षणी फसला होता आणि त्या अपयशाच्या नोंदी बारकाईने तपासूनच हे यश मिळविण्यात आले. परंतु दर वर्षीच्या समारंभात एका प्रश्नाचा सर्वांनाच विसर पडतो, असे आम्हांला वाटते. यान उतरले, पुढे काय? त्याने धाडलेल्या आकड्यांचे वाचन कोण करणार?

चंद्रावरील सुमारे दहा दिवसांच्या संचारात ‘प्रज्ञान’ गाडीने २३ ठिकाणी मातीची परीक्षा केली. त्या नोंदींवरून अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ साली असा निष्कर्ष मांडला की, तेथील माती प्रामुख्याने एका फिकट रंगाच्या खडकाची, ॲनॉर्थोसाइटची, बनलेली आहे. आरंभी संपूर्ण चंद्रावर वितळलेल्या खडकाचा महासागर असावा व त्यातील हलकी खनिजे वर तरंगून कवच तयार झाले असावे, या उपपत्तीस त्यामुळे बळकटी आली. दुसऱ्या उपकरणाने लेसरच्या झोताने माती तापवून तिच्या प्रकाशात गंधकाची खूण पाहिली. तिसऱ्याने मातीत खुपसलेल्या कांडीने दाखविले की, पृष्ठभागी ५० अंशांहून अधिक उष्मा असता अवघ्या ८ सेंटिमीटर खाली पारा शून्याखाली १० अंशांच्या आसपास उतरतो. अंगावर हवेचे पांघरूण नसलेल्या गोलावर काय घडते, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

मात्र यानाकडून ‘गंधक’ वा ‘बेसाल्ट’ असे शब्द येत नसतात. येतात ते केवळ प्रकाशाच्या तीव्रतेचे आकडे. त्यांना अर्थ देण्यासाठी, ज्याचे घटक आधीच ठाऊक आहेत असा खडक हाताशी असावा लागतो. प्रयोगशाळेत त्याचा वर्णपट घ्यावयाचा आणि दूरच्या गोलाच्या वर्णपटाशी तो ताडून पाहावयाचा, अशी ही रीत आहे. म्हणजे परग्रहांच्या अभ्यासाचा एक पाय आकाशात असला, तरी दुसरा आपल्याच जमिनीवर रोवलेला असतो. आणि ही जमीन पुणेकरांपासून दूर नाही. चंद्रावरचे जे काळे डाग आपण हरिण वा ससा म्हणून मुलांना दाखवितो, ती बेसाल्टाची विस्तीर्ण मैदाने आहेत. मंगळाचे प्रचंड ज्वालामुखीही त्याच जातीच्या खडकाचे. तोरणा व राजगड ज्या कातळावर उभे आहेत तोही बेसाल्टच. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी थरावर थर ओतल्या गेलेल्या लाव्ह्याचा. वेल्ह्याहून तोरणा चढणाऱ्या माणसाला डोंगरउतारावर ज्या पायऱ्यापायऱ्या दिसतात, त्या या थरांच्याच कडा होत.

खडक एकाच कुळातला. पण त्याचे नशीब वातावरणाने निरनिराळे घडविले. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. तेथील कातळ उल्कांच्या माऱ्याने तेवढा भुगा होतो आणि १९६९ साली उमटलेले मानवी पाऊल अद्यापि तसेच असावे. मंगळावर विरळ हवा आहे. तेथे धूळ उडते व लोखंडाला गंज चढतो. वेल्ह्याच्या खोऱ्यात मात्र पावसाळ्याचे चार महिने आभाळ फाटल्यासारखे कोसळते. त्या पाण्याने राजगडाच्या सुवेळा माचीवरचे नेढे पोखरले, कातळाची माती केली, त्या मातीत भात उभे राहिले आणि तेच पाणी पानशेतच्या धरणात साठून पुण्याच्या नळांना येते. एकाच दगडाला हवा व पाणी भेटले तर काय होते आणि न भेटले तर काय होते, हा धडा शिकविण्यास वेल्ह्यासारखी पाठशाळा मिळणे कठीण.

या शास्त्रात महाराष्ट्राचा वाटा आजवर नगण्य राहिला, असे कोणी म्हणू नये. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर अशनीपाताने बेसाल्टात झालेले आहे, हे १९७३ साली तेथील खडकाच्या परीक्षणाने प्रस्थापित झाले. चंद्र-मंगळावरील विवरांशी तुलना करू इच्छिणारे अभ्यासक म्हणूनच तेथे येतात. आपल्याच जिल्ह्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महादुर्बीण आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे ‘शियापारेली’ यान मंगळाच्या वातावरणातून खाली येत असता त्याचा क्षीण संदेश १७ कोटी किलोमीटरांहून अधिक अंतरावरून या दुर्बिणीने टिपला. जमिनीला टेकण्यापूर्वीच तो संदेश तुटला. उंचीचा अंदाज चुकून यानाने आपली हवाई छत्री अवेळी सोडली होती, हे पुढील चौकशीत निष्पन्न झाले. यान गेले, नोंदी राहिल्या व त्यांनी शिकविले.

नोंदी वाचणारा भेटेपर्यंत त्या मुक्या असतात, याचे उदाहरण शुक्राने दिले आहे. ‘मॅगेलन’ यानाने १९९० ते १९९२ या काळात रडारने शुक्राची चित्रे घेतली. १९९१ मधील दोन चित्रांत एका ज्वालामुखीच्या मुखाचा आकार बदललेला आहे, हे ध्यानी आले ते २०२३ साली! ही चित्रे कोठे कुलपात नव्हती. अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर तीस वर्षे होती. आज आपली स्थिती काय? चांद्रयान-३ च्या नोंदी २०२४ च्या पहिल्या अंतराळ दिनी सर्वांस खुल्या करण्यात आल्या. त्या मिळविण्यास दाम मोजावा लागत नाही. तरीही आमच्या महाविद्यालयांतून भूशास्त्राकडे वळणारा विद्यार्थी विरळा आणि शाळेत दगड हाती देऊन शिकविणारा शिक्षक त्याहून विरळा. टाळ्यांसाठी हात पुष्कळ. आकडे वाचण्यासाठी डोळे थोडे, हे चित्र भूषणावह खचित नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो सहजी उडवून लावण्याजोगा नाही. वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांना पावसाळ्यात रस्ता धड नसता चंद्राच्या मातीची उठाठेव कशासाठी? आमचे उत्तर असे की, ही विद्या त्या वाड्यांच्याच जिवाशी निगडित आहे. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ ने उड्डाण केले. ते अद्यापि पृथ्वीभोवती घिरट्या घालीत होते, तोच १९ जुलैच्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. त्यापूर्वी ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यातील माळीण गाव असेच गाडले जाऊन दीडशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. झिजलेला बेसाल्ट, त्यावरील मातीचा थर, तीव्र उतार व मुसळधार पाऊस, हीच सामग्री तेथे होती आणि वेल्हे-भोरच्या कड्यांखालीही ती आहे. उपग्रहाची चित्रे दरडीचा मुहूर्त सांगत नाहीत, हे खरे. परंतु कोणता उतार अधिक धोक्याचा, माती कोठे सरकू लागली आहे, याची सूचना त्या चित्रांतून व रडारच्या नोंदींतून मिळू शकते. मात्र ती वाचणारा माणूस त्या खोऱ्याचा दगड ओळखणारा हवा. चंद्राचा पृष्ठभाग वाचण्याची आणि सह्याद्रीचा उतार वाचण्याची विद्या मुळात एकच आहे.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. वेल्हे व भोर भागांतील प्रत्येक माध्यमिक शाळेत गावच्या खडक-मातीचा नामनिर्देशित संग्रह असावा. त्यास तिजोरी लागत नाही, एक कपाट पुरते. यानांच्या व उपग्रहांच्या नोंदी कशा वाचाव्यात, हे सांगणारी सुबोध मराठी पाठ्यपुस्तके विद्यापीठाने सिद्ध करावीत. पुण्यातील शास्त्रीय संस्थांनी पावसाळ्यापूर्वी आपले अभ्यासक या खोऱ्यांत धाडावेत आणि तेथील मुलांना सोबत घेऊन धोक्याच्या उतारांची पाहणी करावी. शासनाने या पाहणीचे निष्कर्ष फायलीत न ठेवता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.

येत्या अंतराळ दिनी भाषणे होतील, मुले अग्निबाणांच्या प्रतिकृती मिरवतील. ते अवश्य व्हावे. पण त्या दिवशी तोरण्याच्या पायथ्याच्या एखाद्या शाळेत गुरुजींनी मुलांच्या हाती अंगणातला काळा दगड द्यावा आणि रात्री चंद्राकडे बोट दाखवून सांगावे की, तो डाग याच कुळातला आहे. त्या मुलांतलेच कोणी उद्या चंद्राच्या नोंदी वाचील. आणि कोणी आपल्या वाडीवरचा डोंगर वेळीच वाचील. या दुसऱ्या वाचनाची निकड अधिक आहे, कारण पुढचा पावसाळा कोणासाठी थांबणार नाही.