सीलबंद बॅटरीचे पडिलेहण



गेल्या मे महिन्यात वर्धमाननगरातील एका इमारतीत आमच्या परिचयाच्या वयोवृद्ध काकू लिफ्टमध्ये अडकल्या. त्या दिवशी त्यांचा चौविहार उपवास होता. वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. अशा वेळी बॅटरीच्या आधारे लिफ्ट सावकाश जवळच्या मजल्यावर यावी व दार उघडावे, अशी यंत्रणा तेथे बसविलेली होती. तिच्या देखभालीचे पैसेही दरवर्षी दिले जात होते. ती चालली नाही. घंटाही वाजली नाही, कारण तिचाही आधार बॅटरीच. सुमारे ३५ मिनिटांनी दार उघडले, तेव्हा काकू खाली बसून नवकार म्हणत होत्या. कोणी पाणी पुढे केले, त्यांनी हातानेच नको म्हटले. मेकॅनिकने गच्चीवरील खोलीतील पेटी उघडली, तर बॅटऱ्या कडांनी फुगलेल्या. त्या केव्हा बसविल्या, हे सोसायटीत कोणालाच सांगता आले नाही.

त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. माझ्या सेवाकाळात शाखेच्या धोक्याच्या भोंग्याची मासिक तपासणी माझ्याकडे होती. बटण दाबायचे, भोंगा वाजला की नोंदवहीत ‘ठीक’ लिहून सही करायची. एकदा आलेल्या तपासनीसांनी आधी मेन स्विच बंद करविला आणि मग बटण दाबावयास सांगितले. भोंगा मुका! आजवर तो विजेवर वाजत होता. बॅटरी केव्हाच निकामी झाली होती. त्या नोंदवहीत माझ्या ११ सह्या होत्या.

व्यापारी वाचकांना यातील मर्म वेगळे सांगायला नको. तारण मालावर कर्ज देणारी बँक केवळ स्टॉक स्टेटमेंटवर विसंबत नाही. अधिकारी गोदामात जाऊन पोती मोजतो, मधल्या थप्पीतले पोते काढून पाहतो. बॅटरीचेही तसेच. चार्जरला जोडलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीला मीटर लावला, तर तो १३.५ ते १३.८ असा समाधानकारक आकडा दाखवितो. पण तो आकडा चार्जरचा, बॅटरीचा नव्हे. बॅटरी सोडवून रात्रभर तशीच ठेवली, तर पूर्ण भरलेली बॅटरी १२.८ च्या आसपास दाखविते. १२.४ च्या खाली असेल तर शंका घ्यावी. मात्र हाही वरवरचाच पुरावा. आत माल किती आहे, हे भार घातल्यावाचून कळत नाही.

‘देखभालमुक्त’ या शब्दाने आपली फसगत केली आहे. त्याचा अर्थ एवढाच, की तिच्यात पाणी घालावे लागत नाही. या बॅटरीतील आम्ल काचतंतूंच्या पातळ गादीत शोषलेले असते आणि चार्जिंगच्या वेळी निघणाऱ्या वायूंचे आतल्या आत पुन्हा पाणी होते. पण उष्णता किंवा चार्जरचा दाब प्रमाणाबाहेर गेला, की झडप उघडून वायू बाहेर पडतो. गेलेले पाणी पुन्हा भरता येत नाही. बॅटरी आतून सुकत जाते, बाहेरून मात्र नवीसारखी दिसते.

येथे नागपूर आडवे येते. बॅटरीचे आयुष्य सामान्यतः २५ अंश सेल्सिअस गृहीत धरून सांगितलेले असते आणि त्यापुढे दर ८ ते १० अंशांनी ते निम्मे होत जाते. आपल्या गच्चीवरील पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात काय होत असेल, याचा विचार करावा. (३० मे २०२४ रोजी शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखविले आणि तो उपकरणाचा दोष असल्याचा खुलासा हवामान खात्याला करावा लागला. मोजणाऱ्याचीही मोजणी हवी!) म्हणून बॅटरी वायुवीजन असलेल्या, सावलीच्या जागी असावी, बंद कपाटात तर मुळीच नको, कारण बाहेर पडणारा वायू हायड्रोजन असतो.

आपले साधू-साध्वी दिवसातून दोनदा वस्त्र-पात्रांचे पडिलेहण करतात. काल पाहिले होते म्हणून आज सोडले, असे होत नाही. आपण निदान महिन्यातून एकदा बॅटरीकडे डोळ्यांनी पाहावे: कडा फुगल्या आहेत काय, टोकांवर पांढरट थर आहे काय, हात लावता ती अवाजवी गरम वाटते काय. तत्पूर्वी अंगठी व बांगड्या उतरवाव्यात. सराफा बाजारातील मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावे. दोन टोकांमध्ये सोन्याची अंगठी आली, तर क्षणात लाल होऊन बोट भाजते.

खरी परीक्षा तीन महिन्यांनी घ्यावी. दुकानातील संगणकावरचे काम जतन करून मेन स्विच बंद करावा, नेहमीचा भार चालू ठेवावा आणि घड्याळ लावून मिनिटे लिहावीत. नवी असताना ४० मिनिटे चालणारी बॅटरी ३२ वर आली, म्हणजे क्षमता ८० टक्के राहिली, की ती बदलण्याची वेळ झाली. त्यानंतर उतार वेगाने होतो. लिफ्टची चाचणी मात्र मेकॅनिककडूनच, पण आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावी. दोन-चार बॅटऱ्यांच्या मालिकेतील एकच बदलण्याची काटकसर करू नये; जुनी नव्यालाही बुडविते. बसविल्याची तारीख बॅटरीवरच रंगाने लिहावी. उन्हाळ्यात महिनाभर बाहेरगावी जाताना ती पूर्ण भरून मग सोडवून ठेवावी.

आता जुन्या बॅटरीचे काय? चार पैसे जास्त देणाऱ्या भंगारवाल्याला ती दिली, की बहुधा वस्तीतच ती फोडली जाते, शिसे उघड्या भट्टीत वितळविले जाते, आम्ल मातीत जाते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. पंधरा कर्मादानांत अंगारकर्म व विषवाणिज्य आहेत, याची आठवण द्यावी लागू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची व पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आपण ती इतर कचऱ्यात न मिसळता अधिकृत ठिकाणी द्यायची आहे. नवी घेताना विक्रेता जुनीचे पैसे वजा करतोच. ती तेथेच द्यावी आणि पावती बॅटरीच्या वहीत लावून ठेवावी.

काकूंच्या इमारतीत आता अशी वही आहे. तिच्यातील पहिली नोंद काकूंनी स्वतः समोर उभे राहून करवून घेतली.