बॉनेटखालचा कुकर

आपल्याकडे गाडी पुसण्याच्या बाबतीत कमालीची शिस्त आहे. सकाळी सहाला बादली आणि फडकं घेऊन सोसायटीत मुलगा हजर. काचा लख्ख, डॅशबोर्डवर गणपती, दसऱ्याला झेंडूचा हार आणि चाकाखाली लिंबू. आता त्याच गाडीच्या मालकाला विचारून बघा, की बाबा रे, बॉनेट शेवटचं कधी उघडलं होतंस? "सर्व्हिसिंगला" असं उत्तर येईल. म्हणजे त्याने उघडलंच नाही, दुसऱ्या कुणीतरी उघडलं. त्यातून कूलंटचा विषय काढलात तर चेहरे कोरे. इंजिन ऑइल निदान ऐकून तरी माहीत असतं, कूलंट म्हणजे "ते हिरवं पाणी"!

माझं मत आधीच सांगून टाकतो. कूलंटची पातळी बघणं हे गाडी चालवणाऱ्याचं काम आहे. वर्षातून एकदा गॅरेजवाल्यावर सोपवून मोकळं होण्यातलं ते नाही. आणि हे काम सकाळी, गार इंजिनावर करायचं असतं. भर दुपारी घाटात, तापलेल्या इंजिनावर ते करायला कुणीही जाऊ नये, मग तो मालक असो, ड्रायव्हर असो की मेकॅनिक.

आपल्याला ही सवय का नाही, याचा विचार करताना मला नेहमी आपली स्कूटर आठवते. आमच्या पिढीतल्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांत आधी स्कूटर आली आणि मोटार आली ती बऱ्याच वर्षांनी. स्कूटरचं इंजिन वाऱ्यावर गार होणारं. त्यात ना रेडिएटर, ना पाण्याचा पंप. सुरू झाली नाही की ती एका बाजूला कलती करायची, प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची आणि पुन्हा किक. ही विद्या बापाकडून मुलाकडे आपोआप गेली. रेडिएटरची विद्या द्यायला मात्र घरात कुणी नव्हतंच. ज्यांच्याकडे फियाट किंवा अँबॅसेडर होती, त्यांच्या डिकीत पाण्याचा कॅन असायचा आणि घाट चढण्याआधी थांबून पाणी बघायची रीत होती. त्या गाड्या तापायच्याच, त्यामुळे माणसं सावध असायची. अँबॅसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये बंद झालं, पद्मिनी तर त्याच्याही कितीतरी आधी गेली, आणि त्यांच्याबरोबर ती रीतही गेली. आताच्या गाड्या सहसा तापत नाहीत. चांगलंच आहे की! पण कधी न तापणारी गाडी तापते तेव्हा काय करायचं हे गाडीतल्या चौघांपैकी एकालाही माहीत नसतं.

त्यात आणखी एक भर. पूर्वी डॅशबोर्डवर तापमानाचा काटा असायचा. बऱ्याच छोट्या गाड्यांत आता काटा नसतो, दिवा असतो. इंजिन गार असताना निळा, फार तापल्यावर लाल, आणि मधल्या सगळ्या वेळात काहीच नाही. काटा हळूहळू वर सरकताना दिसला तर माणूस वेळीच बाजूला घेतो. दिव्याच्या गाडीत पहिला इशारा मिळतो तोच खूप उशिरा. शिवाय कूलंट फारच कमी झालं तर तापमान मोजणारा सेन्सर द्रवात न राहता वाफेत किंवा हवेत राहतो आणि खरं तापमान सांगेलच याची खात्री उरत नाही. म्हणून दिव्यावर विसंबून राहणं मला पटत नाही.

आता थोडं आतलं. ढोबळमानाने बोलायचं तर आपण जाळलेल्या पेट्रोलमधली एक तृतीयांश ऊर्जा गाडी पळवायला मिळते, साधारण तेवढीच सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि उरलेली बरीचशी उष्णता कूलंटला वाहून न्यावी लागते. म्हणजे इंजिन जेवढी ताकद देतं, जवळजवळ तेवढीच उष्णता ते रंगीत पाणी गुपचूप उपसत असतं. साधं पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल असं मिश्रण केलं की ते १०७ अंशांच्या आसपास उकळतं. त्यावर घट्ट झाकण बसवून आत साधारण एक बार जास्तीचा दाब राहू दिला, की उकळायला १२५ अंशांच्याही पुढे जावं लागतं.

ही युक्ती कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते ना? आपल्या ओट्यावरचा कुकर! त्यातही साधारण तेवढाच दाब असतो, म्हणून पाणी १२० अंशांपर्यंत तापतं आणि डाळ लवकर शिजते. आता मला सांगा, शिट्टी झाल्या झाल्या कुकरचं झाकण कोण उघडतं? दहा वर्षांच्या पोरालाही "वाफ जिरू दे" हे पाठ असतं. रेडिएटरचं झाकण तापलेलं असताना उघडलं, की आतला दाब एका क्षणात जातो आणि शंभराच्या वर तापलेला द्रव एकदम उकळून उसळतो. तो थेट तोंडावर, मानेवर, हातावर येतो. हाताला फडकं गुंडाळून काहीही उपयोग नाही, कारण उकळतं पाणी फडक्यातून झिरपतं आणि ओलं फडकं कातडीला चिकटून बसतं.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात खंबाटकी घाटात एक गाडी कडेला उभी दिसली. बॉनेट वर, वाफ निघतेय, आणि एक गृहस्थ हाताला टॉवेल गुंडाळून पुढे सरसावलेले. मी गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, "काका, थांबा. कुकर आहे तो." ते माझ्याकडे बघतच राहिले. मागच्या सीटवरून त्यांच्या आई म्हणाल्या, "अरे, मग वाफ तरी जिरू दे की!" त्यांना जास्त काही समजावून सांगावं लागलं नाही. पाऊण तास थांबलो. पोरांनी डब्यातले धपाटे संपवले. मग झाकणावर जाड घडी ठेवून ते अगदी थोडं फिरवलं, तरीसुद्धा फुस्स आवाज आलाच. तो पूर्ण थांबल्यावर झाकण काढलं आणि पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या आत गेल्या. साताऱ्याच्या गॅरेजमध्ये रबरी पाइपला चीर सापडली, असं त्यांनी नंतर फोन करून सांगितलं. पाइपची चीर काही एका दिवसात पडत नाही. कुणी आठ दिवस आधी टाकी बघितली असती तर पातळी उतरलेली घरीच दिसली असती.

"पण आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? कूलंट म्हणजे अँटीफ्रीझ, ते काश्मीरवाल्यांना. आपल्याला नळाचं पाणी पुरे." हा युक्तिवाद मी इतक्या जणांकडून ऐकलाय की काही विचारू नका. गंमत म्हणजे त्यात थोडं तथ्य आहे. नुसती उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरसच आहे. पण दोन गोष्टी विसरल्या जातात. एक म्हणजे उकळण्याचं ते जास्तीचं अंतर, जे नेमकं मे महिन्यात एसी लावून, पाच माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन घाट चढताना लागतं. दुसरी म्हणजे गंज. कूलंटमध्ये धातू सांभाळणारी रसायनं घातलेली असतात. जुन्या बिडाच्या इंजिनांनी पाणी काही काळ तरी सोसलं. आताची इंजिनं आणि रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे, रेडिएटरच्या नळ्या अगदी अरुंद. बोअरचं पाणी घातलं तर क्षार बसणार, आणि क्षार बसल्यावर काय होतं हे घरातल्या गिझरच्या कॉइलला विचारा!

उलट टोकाचे लोकही आहेत. जास्त पैसे मोजलेत म्हणून ते नुसतं कॉन्सन्ट्रेट ओततात. पाणी न घातलेलं ग्लायकॉल मिश्रणापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, तेव्हा इथे शुद्ध म्हणजे उत्तम हे खरं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळा, तयार मिश्रण असेल तर तसंच वापरा. आणि रंगावर भरवसा ठेवू नका. हिरवा, लाल, गुलाबी, निळा हे रंग कंपन्यांनी आपापल्या सोयीने दिलेले आहेत, त्याचं एकच प्रमाण नाही. वेगवेगळ्या जातीची कूलंटं एकत्र केली तर गंज रोखणारी रसायनं निकामी होऊ शकतात, कधी कधी गाळही धरतो. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच घालायचं. किती वर्षांनी बदलायचं तेही तिथेच लिहिलेलं असतं. जुन्या जातीचं कूलंट दोनेक वर्षांत बदलावं लागतं, नवी दीर्घायुषी कूलंटं पाच वर्षं किंवा जास्तही टिकतात.

बघायचं कसं? पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, गाडी सुरू करण्याआधी. गाडी सपाट जागी हवी. बॉनेट उघडलं की एक अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची टाकी दिसते, तिच्यावर मिन आणि मॅक्स अशा दोन रेषा असतात. कूलंट त्या दोन रेषांच्या मध्ये असलं की झालं. दिसत नसेल तर मोबाइलचा टॉर्च मारा. झाकण उघडायचीही गरज नाही. कमी असेल तरच, आणि इंजिन पूर्ण गार असतानाच, झाकण हळू फिरवून भरायचं. मॅक्सच्या वर भरू नका, कारण तापल्यावर द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. एक सावधगिरी मात्र हवी. काही गाड्यांत ही टाकी नुसती जास्तीचं पाणी साठवणारी असते, तर काहींत तीच दाबाखाली असते. प्लॅस्टिकची आहे म्हणून ती निरुपद्रवी समजू नये.

भरलं आणि पंधरा दिवसांत पुन्हा कमी झालं, तर पुन्हा भरून गप्प बसू नका. बंद वर्तुळात फिरणारी वस्तू कमी होते म्हणजे ती कुठेतरी जातेय. गाडीखाली रंगीत थेंब, आत गोडसर वास, पायाखालचा ओलसर गालिचा, ऑइलच्या झाकणाखाली दुधट थर, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, यातलं काहीही दिसलं तर मेकॅनिककडे जा. (एसीचं पाणी खाली ठिबकतं ते स्वच्छ, बिनरंगी असतं. त्याला घाबरू नका.)

वाटेत गाडी तापू लागलीच तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण चालू करा. मे महिन्यात हा सल्ला वेड्यासारखा वाटतो, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनातली थोडी उष्णता ओढून घेतो. तेवढ्यात सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर इंजिन बंद. वाफ थांबेपर्यंत बॉनेटलाही हात लावू नका. इंजिन बंद असलं तरी काही गाड्यांचा पंखा आपोआप सुरू होतो, म्हणून बोटं, ओढणी, पदर लांब ठेवा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. पुरेसं गार झाल्यावर अडीअडचणीला स्वच्छ पाणी घालायला हरकत नाही, पण मुक्कामी पोचल्यावर ते काढून योग्य कूलंट भरून घ्या.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड आहे. ते मूत्रपिंडं निकामी करतं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. त्या ग्लिसरीनमध्ये होतं ते डायइथिलीन ग्लायकॉल, याचंच सख्खं भावंड. तेव्हा उरलेलं कूलंट शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका, मूळ डब्यात, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. जुनं कूलंट पार्किंगमध्ये किंवा गटारात सोडून देऊ नका, ते गोड डबकं सोसायटीतलं कुत्रं चाटतं. जमिनीवर सांडलं तर पुसून, भरपूर पाण्याने धुऊन घ्या. बदलायचं काम गॅरेजमध्येच करून घ्या आणि काढलेलं कूलंट कुठे टाकता हेही त्यांना विचारा. विचारणारं गिऱ्हाईक असलं की माणसं जपून वागतात.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रिव्हर्स शिकवतात, चढावर गाडी उचलायला शिकवतात, पण बॉनेट उघडून कुणी काही दाखवलेलं मी तरी पाहिलं नाही. माझी मुलगी गाडी शिकायला लागली तेव्हा पहिल्या सकाळी मी तिला किल्ली दिलीच नाही. बॉनेट उघडून टाकी दाखवली, दोन रेषा दाखवल्या, झाकणावरचं सावधानतेचं चित्र दाखवलं आणि कुकरची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "बाबा, एवढंच?"

म्हटलं, एवढंच. चल, आता टायरमधली हवा बघू.