कॅल्टन टेकडीवरचा जाळ
३० एप्रिलच्या रात्री एडिंबरामध्ये कॅल्टन टेकडीवर ढोल घुमू लागतात, अंगभर रंग फासलेली माणसं मशाली नाचवतात आणि मे-राणीची मिरवणूक निघते. हा बेल्टेन, केल्टिक लोकांचा उन्हाळ्याच्या स्वागताचा सण. पूर्वी गुरं कुरणात सोडण्याआधी दोन जाळांमधून हाकत नेत, रोगराई टळावी म्हणून. आता टेकडीवर गुरं नाहीत, तिकीट आहे! सोहळा कितीही पुरातन वाटला तरी त्याचं आजचं रूप १९८८चं, काही कलावंतांनी नव्याने मांडलेलं. म्हणून तो कुणाला बेगडी वाटेल. मला नाही वाटत. कितीतरी आठवडे सराव करून, मानधनाविना, तिथल्या बोचऱ्या थंडीत अर्ध्या उघड्या अंगाने नाचणाऱ्या स्वयंसेवकांना बेगडी कोणत्या तोंडाने म्हणायचं? अशाच दुसऱ्या केल्टिक सणासाठी आयर्लंडने मात्र सरकारी वाट धरली. वसंताची चाहूल देणारा इंबोल्क आणि संत ब्रिजिडचा दिवस १ फेब्रुवारीला एकत्रच येतात. त्यासाठी २०२३पासून तिथे सार्वजनिक सुट्टी मिळते. पण जोडून यायला हवी ना! १ तारीख शुक्रवारी आली तर सुट्टी त्या दिवशी, एरवी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी.