मेलेले मासे दिसतात, न जन्मलेले दिसत नाहीत

मासळी कमी झाली की आम्ही ट्रॉलरला आणि एलईडीवाल्यांना दोष देतो. तो आहेच. पण नदीत वरून काय उतरतं, तेही बघा.

गाभण गाईच्या शेण-मुतातून इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन जास्त बाहेर पडतं. कोंबडीच्या विष्ठेतही ते असतं. पावसात हे सगळं ओहोळातून नदीत येतं.

अमेरिकेत नेब्रास्कामध्ये गुरांच्या मोठ्या तळांखालच्या पाण्यातल्या नर माशांची वृषणं लहान झालेली आढळली. कॅनडात एका तळ्यात २००१ ते २००३ गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन मुद्दाम सोडून पाहिलं. लिटरला फक्त ५-६ नॅनोग्राम! नरांच्या अंगात अंड्याचं प्रथिन तयार झालं आणि तिथली बारीक मासळी जवळपास संपली.

मासे मेले तर पंचनामा होतो. पिल्लंच झाली नाहीत, तर पंचनामा कोण करणार?

शेतकरी आमचा भाऊच. शेण नीट कुजवून शेतात घातलं तर हार्मोन बरंच कमी होतं. म्हणून आमचं म्हणणं एवढंच: गोठ्याचं, पोल्ट्रीचं पाणी थेट ओहोळात नको आणि परवाना देताना खताच्या खड्ड्याची अट हवी. पुढच्या ग्रामसभेला चला, हे मिळून मांडूया.