शब्दातीत म्हणण्याची घाई

मागच्या हिवाळ्यात आम्ही एम. ए.च्या विद्यार्थ्यांची सहल मालवणला नेली होती. अकोल्याहून रात्रभराचा प्रवास, सकाळी होडी, डॉल्फिनचे दर्शन, सिंधुदुर्ग किल्ला आणि किल्ल्यालगतच्या उथळ पाण्यात स्नॉर्केलिंग असा दिवसभराचा कार्यक्रम होता. परतल्यावर प्रत्येकाने अनुभव लिहून द्यावा, असे ठरले होते. ते लेखन वाचताना एक शब्द पुन्हा पुन्हा भेटत गेला : ‘शब्दातीत’. ‘अवर्णनीय’ आणि ‘स्वर्गीय’ त्याच्या सोबतीला होतेच. या टिपणाचे निमित्त ते लेखन आहे. परंतु दोष विद्यार्थ्यांचा आहे असे मला वाटत नाही. तो शब्द त्यांना आम्ही शिकवला आहे.

मराठी वाङ्मयात समुद्र कमी नाही. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर त्याला मातृभूमीच्या विरहाचा साक्षी केले. कुसुमाग्रजांच्या कोलंबसाला तो आव्हान देणारा प्रतिस्पर्धी म्हणून भेटला. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) तो बोटीवरच्या माणसांना काही दिवसांपुरता देशविहीन करणारा अवकाश झाला. या कृती थोर आहेत याबद्दल वाद नाही. मात्र या तिन्ही ठिकाणी समुद्र किनाऱ्यावरून किंवा डेकवरून पाहिलेला आहे, आणि तो नेहमी कशाचे तरी रूपक आहे. वर्गात आम्ही हे रूपक उलगडून दाखवतो. त्या पाण्यात काय राहते, हा प्रश्न अभ्यासक्रमात कुठेच येत नाही.

स्नॉर्केलिंगमध्ये माणूस पाण्यावर पालथा पडतो, तोंडात श्वासाची नळी असते, आणि बोलणे बंद होते. साहित्याच्या प्राध्यापकाला ही स्थिती उपकारक असते, हे कबूल केले पाहिजे. तोल सावरण्यासाठी मी खालच्या एका खडबडीत गोलाकार दगडावर पाय टेकू लागलो, तेव्हा होडीवरचा तरुण ओरडला, “सर, थंय पाय ठेवू नकात! तो दगड नाय, जितो आसा.”

तो जिवंत होता हे मला पुस्तकातून ठाऊक होते. प्रवाळ म्हणजे सूक्ष्म जीवांची वसाहत; त्यांच्या शरीरात शैवाल राहते, ते त्यांना अन्न पुरवते आणि रंगही देते; पाणी प्रमाणाबाहेर तापले की हे शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी अशा विरंजनाची चौथी जागतिक लाट जाहीर केली. हे सारे ठाऊक असूनही पाय टेकताना मला दिसला तो दगडच. माझ्या भाषेने मला पोवळे दिले होते ते अंगठीत बसवण्यासाठी, मंगळाच्या शांतीसाठी आणि नायिकेच्या ओठांच्या उपमेसाठी. संस्कृतातल्या विद्रुमापासून चालत आलेली ही उपमा एका प्राण्याच्या सांगाड्यावर उभी आहे, हे वर्गात सांगण्याची गरज मला कधी वाटली नव्हती. मालवणच्या खडकांवरचे प्रवाळ तर त्या दागिन्यातल्या पोवळ्याच्या जातीचेही नव्हे.

त्या तरुणाकडे शब्द होते. डॉल्फिनला तो ‘गादा’ म्हणत होता. गोबरा कुठे दबा धरून बसतो, तांबोशी कधी मिळते, भांगाच्या दिवसांत पाणी कसे वागते, हे तो सहज सांगत होता. त्याच्या घरी रापणीचा वाटा आहे. पर्ससीन जाळ्यांनी तो वाटा कसा आटला हेही त्याने सांगितले. पर्यटकांना पाण्यात उतरवण्याचे काम त्याने हौसेने पत्करलेले नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले, आणि मच्छीमारांचा त्याला असलेला विरोध त्याच्या बोलण्यात अजून ऐकू येत होता. आमच्या विद्यार्थ्यांच्या लेखनात यातला एकही शब्द उतरला नाही. जे त्या होडीत आमच्याशेजारी बसून बोलले जात होते, त्याला आम्ही शब्दातीत ठरवले.

अकोल्याच्या माणसांनी असे करावे, हे मला अधिक लागले. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ सालचे, मालवणच्या एक वर्ष आधीचे. पावसाच्या तोंडावर भंडारदरा-घाटघर परिसरात हिरड्या-सादड्यांवर काजवे लखलखू लागले की शहरांतून गाड्यांची रांग लागते. अंधार पाहायला आलेली माणसे हेडलाइट लावून येतात आणि ‘शब्दातीत’ लिहून परत जातात. तेव्हा आम्हीच चिडतो. आमच्या वर्गातल्या महादेव कोळी मुलांना त्या झाडांची, पाखरांची, काळभात-रायभोगाची नावे घरातून मिळालेली असतात. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली ती बियाणे जपण्यासाठी. परंतु बियाण्यासोबत त्याचे नावही जपावे लागते, हे भाषेच्या विद्यार्थ्याला निराळे सांगायला नको. ही मुले परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र ती नावे लिहीत नाहीत. ती ‘प्रमाण’ नाहीत, असे त्यांना कोणी तरी शिकवले आहे.

नाव कळले म्हणजे अनुभव पुरा होतो, असा माझा दावा नाही. नावांची यादी म्हणजे साहित्य नव्हे, आणि काही अनुभवांपुढे शब्द खरोखरच थिटे पडतात. पण थिटे पडण्याआधी ते वापरून पाहावे लागतात. संतांनी वाणीची हार मान्य केली ती आयुष्यभर वाणी राबवल्यानंतर. आम्ही पाण्यात अर्धा तास राहून ती मान्य करतो, तेव्हा तो आळस असतो, आणि त्या आळसाची किंमत कोणी दुसरा मोजतो. ज्याचे वर्णन होऊ शकत नाही असे आपण म्हणतो, त्याचे काय बिघडले हेही मग आपल्याला सांगता येत नाही. उद्या ते प्रवाळ पांढरे पडले, तर आमच्यापैकी किती जणांना तो बदल ओळखू येईल?

यंदा मी सहलीचा स्वाध्याय बदलला आहे. अनुभव लिहायचा नाही. होडीवाल्याकडून, मासळी विकणाऱ्या बायकांकडून, आणि घरी परतल्यावर आपल्या आजीकडून प्रत्येकी वीस शब्द आणायचे. प्रत्येक शब्द कोणत्या वाक्यात ऐकला ते लिहायचे. विचारलेल्या माणसाचा वेळ आपण घेतला याची जाणीव ठेवायची. विशेषणे वापरायला बंदी आहे. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, यात साहित्य कुठे आहे?” तिला देण्यासारखे उत्तर अजून माझ्याजवळ नाही. आधी शब्द येऊ देत, मग दोघे मिळून शोधू, एवढेच मी तिला म्हणालो.