किट नवं, पायाखाली मात्र हवा

जुन्या गाडीचं ब्रेक पॅडल खाली जायला लागलं की ती गॅरेजला जाते, मास्टर सिलिंडर उतरतो, आतले वॉशर बदलले जातात आणि बिलावर दोन ओळी येतात : किट आणि मजुरी. त्यानंतरचं काम, म्हणजे लाइनमधली एअर काढणं, हे सहसा त्या मजुरीतच धरलेलं असतं. ज्या कामाचा वेगळा पैसा नाही ते संध्याकाळी, गिऱ्हाईक दारात उभं असताना, पोऱ्याच्या हातून उरकलं जातं. नांदेड-लातूरकडे अजून ॲम्बेसिडर, पद्मिनी किंवा जुनी जीप जपणाऱ्यांनी हा हिशेब उलटा करायला हवा. किटच्या किमतीत घासाघीस करा हवी तर, पण एअर काढण्याची मजुरी वेगळी लावायला मिस्त्रीला सांगा आणि ती बिनतक्रार द्या.

हवा एवढी का नडते, ते आकड्यांत बघू. समजा, सिलिंडरचा बोअर पाऊण इंची आहे. म्हणजे पिस्टनचं तोंड सुमारे २.८५ चौरस सेंटिमीटर. पायाचा जोर ३० किलो आणि पॅडलची पट्टी पाचास एक, तर पिस्टनवर १५० किलो भार येतो आणि तेलातला दाब दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोच्या पुढे जातो. या दाबाखाली तेल जवळपास दबत नाही. हवा मात्र दबून पन्नासाव्या हिश्श्यावर येते. लाइनमध्ये चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर हवा राहिली असेल तर ती दाबण्यातच पिस्टन पावणेदोन सेंटिमीटर पुढे सरकतो आणि पॅडल साडेआठ सेंटिमीटर खाली बसतं. चाकाला अजून काहीच पोचलेलं नसतं. आणि किट टाकलेला सिलिंडर आतून कोराच असतो. तो गाडीवर चढवण्याआधी व्हाइसमध्ये धरून, तेल भरून, पिस्टन हळूहळू दाबत बुडबुडे थांबेपर्यंत चालवावा लागतो. ही पायरी गाळली की ती सगळी हवा पुढे लाइनमध्ये ढकलली जाते आणि मग चाकांवरच्या एअर काढायच्या चारही निपलांशी झटापट सुरू होते.

‘आम्ही तीस वर्षं असंच करतोय’ हे यावरचं नेहमीचं उत्तर. ‘पंप मार, दाबून धर, सोड’ ही दोन माणसांची पद्धत चुकीची नाहीच. आजही तिच्यात खोट काढता येणार नाही. खोट आहे ती तिच्या घाईत. आधी ब्रेकचे शू ॲडजस्ट करायला हवेत, नाहीतर ढिल्या शूंचा दोष हवेवर जातो. मग सर्वांत लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या एका लाइनच्या गाडीत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी चालकाच्या बाजूचं. निपल घट्ट होईपर्यंत पाय उचलायचा नाही. पॅडल पार फरशीपर्यंतही दाबायचं नाही, खाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा. कारण जुन्या बोअरच्या ज्या भागात वॉशर रोज जात नाही तिथे गंज बसलेला असतो, आणि त्यावरून घासला की नवा वॉशर पहिल्याच दिवशी फाटतो. दोन-तीनदा पंप केल्यावर पॅडल कडक लागलं म्हणून गाडी हातात देणं ही तर शुद्ध फसगत, भले ती नकळत होत असेल. पंप केल्यावरच कडक होणारं पॅडल हवा किंवा ढिले शू यांचीच साक्ष देतं.

‘निघालेलं तेल चांगलंच दिसतंय, परत ओता’ हा काटकसरीचा मुद्दा मला सर्वांत धोक्याचा वाटतो. बाटलीत निघालेल्या तेलात डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे आणि मळ असतो, आणि ब्रेक ऑइल पाणीही ओढतं. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या हवेतूनही, विशेषतः पावसाळ्यात, ते आपला वाटा उचलतंच. बुचाऐवजी चिंधी कोंबून फळीवर ठेवलेली बाटली म्हणूनच नवी धरायची नसते. नव्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकानुसार तो १४० पर्यंत घसरलेला चालतो. माहूरगडावरून भरलेली गाडी ब्रेकवर उतरवताना ड्रम तापतात, चाकाच्या सिलिंडरमधल्या तेलाची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. म्हणजे सकाळी नीट एअर काढलेली गाडी दुपारी घाटात स्वतःच नवी हवा तयार करते. सुरुवातीच्या गाड्यांत चारही चाकांना एकच लाइन असल्याने मग हाताशी उरतो तो हँडब्रेक. अमेरिकेने १९६८ पासून नव्या कारला दोन वेगळ्या लाइनी सक्तीच्या केल्या, त्या याच भीतीने. (चुकून इंजिन ऑइल ओतलं तर आणखी वेगळं संकट : रबर फुगतं आणि ब्रेक जाम होतात.)

एवढी यातायात करण्यापेक्षा अशा गाड्या भंगारात घाला, असं म्हणणारेही आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे; एका लाइनची गाडी आजच्या गाडीइतकी सुरक्षित कधीच होणार नाही. पण कायदा तिला रस्त्यावर राहू देतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणीची सोय दिली, पण तशा गाडीला रोज फिरायला परवानगी नाही; रोज फिरते ती पंधरा ते पन्नास वर्षांमधल्या वयाची. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाला दहा हजार रुपये पडतात. एवढे भरणाऱ्याने काहीशे रुपयांच्या सीलबंद बाटलीवर आणि तासाभराच्या मजुरीवर हात आखडावा, हे काही पटत नाही. आरटीओच्या तपासणीत ब्रेक लागतात का हे पाहतात. ते थंड गाडीवर, एकदा. तेल केव्हा बदललं याची नोंद त्यात मागितली तर फार कागद वाढणार नाही. तोवर मालकाने बाटलीचं सील आपल्यासमोर फोडायला सांगावं, आणि बिल देण्याआधी स्वतः सीटवर बसून, पंप न करता, पॅडल एकदाच दाबून मिनिटभर धरावं. लगेच खोल गेलं तर हवा आहे किंवा शू ढिले आहेत. आधी वर थांबून मग हळूहळू खाली सरकलं, तर सिलिंडर पुन्हा उतरवावा लागणार.