खताच्या डब्यातील मुंग्या

भाजीची देठे, साली, चहाचा चोथा आणि वाळलेली पाने डब्यात साठवून घरच्या घरी खत करणाऱ्या भगिनींची एक नेहमीची तक्रार असते. डब्यात मुंग्या होतात. झाकण उघडले की हातावर चढतात, चावतात आणि मग हे खत नको नि ती कटकट नको, असे वाटू लागते.

मलाही तसेच वाटले होते. उन्हाळ्याचे दिवस होते. डब्यात लाल मुंग्यांचे वारूळच झाले. मी दुकानातून मुंग्यांची पावडर आणली आणि मूठभर टाकून झाकण लावले. दोन दिवसांनी पाहिले तर मुंग्या मेल्या होत्या, पण तळाचे गांडूळही मेले होते. आठ दिवसांनी मुंग्या पुन्हा हजर! त्याहून वाईट म्हणजे ते खत मेथीच्या वाफ्यात घालायचे होते. सासूबाईंनी एकच विचारले, "ही मेथी पोरांच्या ताटात वाढशील का?" मला उत्तर देता आले नाही. दोन महिन्यांची मेहनत फुकट गेली.

मुंग्या पुन्हा का आल्या, हे नंतर कळले. डबा कोरडा पडला होता. मुंगीला घर करायला कोरडी, भुसभुशीत, उबदार जागा लागते. ओल्या, वरचेवर हलणाऱ्या ढिगात ती पिल्ले वाढवत नाही. म्हणून वारूळ दिसले की समजावे, खताला पाणी कमी पडले आहे. पाणी कमी पडले की कचरा कुजवणारे सूक्ष्म जीवही मंदावतात आणि महिनोन्‌महिने पाने तशीच राहतात. पावसाळ्यात मात्र कारण वेगळे असते. जमिनीतली बिळे पाण्याने भरली की मुंग्या झाकणाखालच्या कोरड्या जागेचा आसरा घेतात.

उपाय सोपा आहे. सकाळी लवकर, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून डब्यातले सगळे खत जुन्या गोणपाटावर उपसावे. नुसते वरून पाणी ओतून भागत नाही. फार वाळलेल्या खतात पाणी मुरत नाही, कडेकडेने खाली निघून जाते. गोणपाट उन्हात पसरला की मुंग्या तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कण तोंडात धरून पळताना दिसतील. आपण त्यांना अंडी म्हणतो, पण बहुतेक त्यांच्या अळ्या आणि कोष असतात. त्यांना जाऊ द्यावे. तासा-दोन तासांनी खतावर तांदूळ-डाळ धुतलेले पाणी शिंपडून हाताने कालवावे आणि परत भरावे.

ओल किती हवी? मूठभर खत घट्ट दाबावे. बोटांतून एक-दोन थेंब आले तर बरोबर. मूठ उघडताच खत भुगा होऊन पडले तर पाणी कमी. पाणी गळू लागले आणि आंबूस वास आला तर जास्त. मग वाळलेली पाने किंवा फाडलेला पुठ्ठा मिसळावा. एक पाटी ओल्या कचऱ्याला साधारण दोन पाट्या वाळलेली पाने पुरतात. तीन-चार दिवसांनी एकदा काठीने तळापर्यंत ढवळावे. घर वारंवार मोडले की मुंग्या जागा बदलतात. एका दिवसात हे होत नाही, आठ-पंधरा दिवस धीर धरावा.

गोड आणि वशट वस्तू वर उघड्या टाकू नयेत. आंब्याच्या साली, उसाची चिपाडे, सुकटीची डोकी मधोमध पुरून वर पानांचा थर द्यावा. डबा विटांवर न ठेवता तिवईवर ठेवावा आणि पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. दुधा-साखरेच्या कपाटाला आपल्या आया हेच करीत. डबा भिंतीला टेकू देऊ नये, नाहीतर तोच पूल होतो. वाट्यांतले पाणी दोन दिवसांनी बदलावे, नाहीतर मुंग्या जातील आणि डास येतील. मीठ मात्र डब्यात कधी टाकू नये. ते पुढे झाडांच्या मुळांना बाधते.

चार काळ्या मुंग्या हिंडताना दिसल्या तर घाबरू नका. त्या खत बिघडवत नाहीत, उलट त्यांच्या बिळांतून हवा खेळते. पण गांडुळे सोडली असतील तर लाल मुंग्यांना थारा देऊ नये, त्या गांडुळांवर तुटून पडतात. शिवाय वारुळासकट खत कुंडीत घालू नये. पिठ्या ढेकूण आणि मावा यांच्या अंगातून पाझरणारा गोड रस मुंग्यांना आवडतो, म्हणून त्या या किडींची राखण करतात. मग जास्वंदीवरची कीड हटता हटत नाही. मुंग्या चावून अंगभर गांधी उठल्या किंवा दम लागला तर घरगुती उपाय करीत न बसता तडक दवाखाना गाठावा.

त्या उन्हाळ्यानंतर मी पावडर घरात आणलेली नाही. खत तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात, तेवढे लागू द्यावेत. डब्यात काहीही टाकण्यापूर्वी सासूबाईंचा तो प्रश्न मी स्वतःलाच विचारते.